चौसष्ट नंबरचा वकील

हरिहर गेला आणि तिसऱ्या दिवशी त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी! माणसाच्या खोलीतली चादर अजून बदलली नव्हती. खिडकीत त्याचा चहाचा मग तसाच होता, तळाशी चहा सुकून काळा झालेला, आणि वृंदा तो स्वतः धुवत नव्हती की दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. असल्या घरात टेबलावर त्याचा फोन टुंग करून वाजला. वृंदा धावली. तिला वाटलं कुणीतरी दोन शब्द लिहिले असतील, बिचारा गेला म्हणून. बघते तर इंग्रजीत एकच ओळ.

"अहो, हे काय लिहिलंय बघा," तिनं नवऱ्याला हाक मारली.

सतीशनं चष्मा कपाळावर ढकलला, वाचलं, आणि फोन उलटा करून ठेवला.

"काही नाही. कंपनीचं असतंय असलं."

"कंपनीचं नाही. आशुतोषचं नाव मला वाचता येतंय. काय म्हणतोय तो?"

"त्यानं हरीला ग्रुपमधून काढलंय."

वृंदा तशीच उभी राहिली. आधी तिला रडू आलं नाही, राग आला, आणि राग नक्की कशाचा तेही धड कळेना. माणूसच राहिला नाही, त्याला ग्रुप काय नि फिग्रुप काय. पण 'काढलं' हा शब्द तिनं ह्याच लोकांच्या तोंडून महिनोन्महिने ऐकला होता. दर रविवारी. ह्याला काढा, त्याला काढा, हा म्हातारा झाला, तो महाग पडतो. तेव्हा ते टीव्हीतल्या खेळाडूंबद्दल असायचं, म्हणून ती भाजी चिरता चिरता हसायची. आता तो शब्द तिच्या भावाला लागला.

हरिहर कोण होता ते आधी सांगायला पाहिजे. तो काही मोठा माणूस नव्हता. जयसिंगपूरला वाढला. बहीणभावंडं दोनच. वृंदा थोरली, तिची शाळा सातवीत सुटली, हरीची सुटू द्यायची नाही असं तिनंच घरात भांडून ठरवलं होतं. अंगानं थोराड पोरगं. शाळेच्या कबड्डीत त्याला चढाईला कधी पाठवलं नाही कुणी. कोपऱ्यात उभा करायचे. समोरचा आला की ह्यानं पाय धरायचा आणि सोडायचा नाही, मग बाकीच्यांनी वर येऊन पडायचं. टाळ्या चढाईवाल्याला आणि सोललेली ढोपरं हरीला. वृंदा त्या ढोपरांना हळद लावायची आणि म्हणायची, "तुला कुणी बघत पण नाही रे." तो म्हणायचा, "ज्याचा पाय धरतो त्याला कळतंय की."

पुढं तो कॉम्प्युटरमध्ये शिरला. तिथंही टेस्टर झाला. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या कामात कुठं फट आहे का ते शोधत बसायचं. कंपनीनं त्याला दोन वर्षं अमेरिकेत पाठवलं, पोर्ट लॉरेल म्हणून गाव आहे तिथं. ओळखपाळख शून्य, थंडी मरणाची. ऑफिसातल्या एकाकडं मॅचचं जादा तिकीट होतं म्हणून हा गेला. ते आपलं फुटबॉल नव्हे, अमेरिकेतलं, लांबट चेंडूचं, डोक्यावर टोपडी घालून एकमेकांच्या अंगावर जातात ते. गावच्या टीमचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. स्वेटरवर बगळा.

त्या खेळात चेंडू फेकणारा एक असतो. त्याला पाडायला समोरून रेड्यासारखे गडी धावून येतात. त्यांना अडवायला फेकणाऱ्याच्या पुढं पाच जण भिंत करून उभे. ते पाच जण चेंडूला हातही लावत नाहीत जवळपास. त्यातला डावीकडचा एक जाडा पोरगा त्याच वर्षी टीममध्ये लागला होता. वॉलेस ब्रूनर, पाठीवर चौसष्ट नंबर. हरी सांगायचा, "ताई, सगळं स्टेडियम चेंडू बघत होतं. मी एकटा त्या जाड्याकडं बघत होतो. म्हटलं हा तर आपला कोपरा."

झालं, तेव्हापासून तो बगळ्यांचा. कंपनी बदलली, देश बदलला, तो हॉलंडात आला, पण टीम काही सुटली नाही. वृंदा आधीपासून इथंच होती, झूटरमेरला. सतीश हेगमधल्या एका भारतीय हॉटेलात आचारी, आणि ती घरून डबे करायची, मराठी पोरापोरींना. हरी आधी अ‍ॅमस्टेलव्हीनला एकटा राहायचा. मार्च दोन हजार वीसला सगळं बंद झालं तशी ती म्हणाली, "एकटा बसून भिंतीशी बोलू नको, वरची खोली मोकळी आहे, ये." तो आला. फीत्स, म्हणजे सायकल, दोन बॅगा आणि बगळ्याचा स्वेटर घेऊन.

तर हा ग्रुप. 'बगळे मंडळ' त्याचं नाव. हॉलंडात राहून त्या टीमचे वेडे असलेले आपले लोक, बरोबर अकरा. मैदानावर एका वेळी अकरा असतात म्हणून हेही अकरा. ग्रुप आशुतोषनं काढलेला, अ‍ॅमस्टेलव्हीनचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्याचा इंटरनेटवर एक कार्यक्रमही होता, त्यात तो टीम कशी बांधावी ह्यावर तास तास बोलायचा. रोस्टर म्हणायचे त्याला. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, कोवळी पोरं कुठली उचलायची. त्या अमेरिकेतल्या मालकाला ह्यांचा पत्ता नव्हता, कधी लागणारही नव्हता. पण बोलायचे असे की मालक ह्यांच्या सहीसाठी दारात ताटकळलाय.

आणि ह्यांचा एक रिवाज होता. सीझन सुरू होताना प्रत्येकानं एक खेळाडू घ्यायचा, 'आपला माणूस' म्हणून. वर्षभर त्याची वकिली करायची. कुणी त्याला नावं ठेवली की आपण भांडायचं. सीझन संपला की सभा घ्यायची, वकिलांनी बोलायचं आणि ठेवा की काढा ह्यावर मतं घ्यायची. नंतर टीमनं खरोखर त्याला काढलं, तर वकिलानं सगळ्या मंडळाला जेवू घालायचं. निरोपाचं जेवण. बाकीचे चेंडू फेकणारा घ्यायचे, पळणारा घ्यायचे, ज्याचं पोस्टर लावता येतं असला. हरी दर वर्षी ब्रूनर.

रविवारी संध्याकाळी सातला मॅच लागायची. त्याच्या आधी तासभर सगळे कॉम्प्युटरवर जमायचे. वृंदा खाली स्वयंपाकघरात, हरी जेवणाच्या टेबलावर, त्यामुळं सगळं तिच्या कानावर.

"ब्रूनर छत्तीसचा आहे, हरिहर," आशुतोष म्हणायचा. "पगार बघ त्याचा. व्हॅल्यू काय? झिरो. डेड वेट आहे तो. कापा आणि दोन यंग पोरं घ्या."

"आणि ती पोरं उभं कसं राहायचं ते कुणाकडनं शिकणार? तुझ्या कार्यक्रमातनं?"

"इमोशनल होऊ नकोस. रोस्टर भावनेवर बांधत नाहीत."

"भिंत पाडून खिडक्या बसवतोयस तू. कशात बसवणार त्या?"

वृंदा आतून ओरडायची, "अरे, वांगी निवडताय का माणसं? हे किडकं, ते जून!"

सगळे खो खो हसायचे. "ताई, तुम्ही मेंबर व्हा," आशुतोषच म्हणायचा, हे ध्यानात ठेवा.

आता हरी काही संत नव्हता. त्याला तो लाथ मारणारा, किकर म्हणतात तो, डोळ्यासमोर नको असायचा. किकरची वकील शिवांगी, एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधन करणारी पोरगी. किकर चुकला की हरी टेबलावर हात आपटायचा. "हाकला त्याला! आत्ताच्या आत्ता हाकला! बसनं पाठवा घरी!"

"दादा, तुमचा तेवढा माणूस आणि माझा काय दगड?" शिवांगी म्हणायची.

"दगड बरा. दगड नेम धरून मारता येतो."

वृंदा त्यालाही झापायची. "तोही कुणाचा तरी भाऊ असेल की रे." तो म्हणायचा, "असेल. पण भाऊ असून इतक्या जवळनं चुकतो म्हणजे काय!" त्याचा न्याय असा होता. भिंतीला माया, लाथेला नाही. पण शिवांगीची आई गावाकडं आजारी पडली तेव्हा रोज फोन करणारा हाच. आणि तिला दर पंधरवड्याला पोस्टानं चिवडा जायचा तो ह्याच्याच सांगण्यावरनं.

डिसेंबरात पुन्हा सगळं बंद झालं आणि त्याच आठवड्यात हरीला ताप भरला. कुठनं आला, कुणाकडनं आला, देव जाणे. घरातनं तर निघत नव्हता. हाउसआर्ट्सनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरनं, फोनवरनं विचारपूस केली, बोटाला लावायचं यंत्र आणायला सांगितलं. दोन दिवसांत ऑक्सिजनचा आकडा घसरला तशी ॲम्ब्युलन्स आली. त्या माणसांचे नुसते डोळे दिसत होते. जिन्यावरनं त्याला खुर्चीत बसवून खाली आणलं. दम लागत होता, तरी बोलतोय.

"ताई, सीझन संपल्यावर सभा आहे."

"असू दे. गप बस."

"मी नसलो तर ब्रूनरसाठी तू बोल. तो आशुतोष पहिल्या पाच मिनिटांत कापेल त्याला."

"तूच बोलशील. गप बस म्हणते ना."

"बोलशील ना पण?"

"बोलीन रे बाबा, बोलीन!"

हे त्यांचं शेवटचं धड बोलणं. नंतर एकदा नर्सनं व्हिडिओ लावून दिला, त्यात नळ्या आणि कपाळ दिसलं. त्या दिवसांत टीव्हीवर चर्चा चालली होती, खाटा कमी पडल्या तर कुणाला द्यायच्या आणि कुणाला नाही, तरण्यांना आधी का कसं. वृंदाला डच अर्धंमुर्धं कळायचं, पण हे पुरतं कळलं. तिनं टीव्ही बंद केला आणि सतीशला म्हणाली, "हे पण बगळे मंडळच." हरीला खाट मिळाली, डॉक्टरांनी कसूर केली नाही, तसं म्हणायला नको. पण जानेवारी उजाडला आणि तो गेला.

विद्युतदाहिनीत मोजकी माणसं, खुर्च्या लांब लांब, ठरलेल्या वेळेत सगळं आटपायचं. गावाकडच्यांना आणि बाकीच्यांना कॉम्प्युटरवर दाखवलं. ग्रुपमध्ये सगळ्यांनी हात जोडलेलं चित्र टाकलं, एकाखाली एक, अकरातले दहा. आणि दहाव्या चित्राच्या खाली लगेच कुणीतरी विचारलेलं, नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, घ्यायचा का कसं. वृंदानं ते हरीच्या फोनवर बघितलं. त्याचा कोड तिला ठाऊक होता, चौसष्ट चौसष्ट, दुसरा काय असणार. फोन ती रोज चार्ज करायची. आणि मग तिसऱ्या दिवशी ती ओळ.

तिनं आशुतोषला फोन लावला. स्वतःच्या नाही, हरीच्या फोनवरनं. पलीकडं उचलायला जरा वेळ गेला. स्क्रीनवर हरिहर नाव आलं म्हणताना काय वाटलं असेल ते त्यालाच माहीत. वाटायलाच पाहिजे होतं.

"ताई, मी फोन करणारच होतो. खरंच, काय बोलावं..."

"हरीला का काढलंस?"

"अं? नाही, म्हणजे ते... ग्रुप अकराचाच आहे ना ताई. युट्रेक्टचा प्रताप सहा महिने थांबला होता. सभेला पूर्ण अकरा पाहिजेत. एक जागा रिकामी झाली म्हणून..."

"काय झाली?"

"जागा..."

"रिकामी झाली. माझा भाऊ म्हणजे काय बसमधली सीट आहे का रे? उठला, दुसरा बसला?"

"ताई, प्लीज. तुम्ही मनाला लावून घेताय. नुसता व्हॉट्सॲप ग्रुप आहे."

"नुसता आहे ना? मग एवढी घाई कशाला? परत घे त्याला. सभा होईपर्यंत तरी राहू दे. त्याला बोलायचं होतं सभेत, मी शब्द दिलाय."

"ताई, ते... बघतो."

'बघतो' म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानं बघितलं नाही. आठवडा गेला. वृंदा डबे करताना मध्येच हात थांबवून फोनकडं बघायची. सतीश म्हणाला, "सोड की आता. पोरांचा खेळ आहे." ती अशी उसळली! "खेळ असता तर हरलो म्हणून सोडून दिलं असतं. हे असं मोजून काढतात, वजन करून, आणि वर शहाणपणा सांगतात. माझ्या हरीनं ह्या लोकांना पाच वर्षं चकल्या खाऊ घातल्या. त्यातल्या एकाला वाटलं नाही की थांबा, चूल तरी पेटू दे त्यांची!"

सभेची लिंक शिवांगीनं पाठवली. चोरून नाही, सरळ. "ताई, या. कोण काय म्हणतं बघू."

रविवारची दुपार होती. वृंदा हरीचा बगळ्याचा स्वेटर घालून, बाह्या तीनदा दुमडून, त्याच्याच खुर्चीत बसली. स्क्रीनवर चौकटीत चौकटी. आशुतोषनं तिला बघितलं आणि नजर दुसरीकडं नेली.

"ओके, सुरू करू. पहिला, ब्रूनर. ह्याला सध्या वकील नाही, सो थेट मतदान..."

पाच मिनिटं पण नाही! हरी म्हणाला होता पाच, ह्यानं एक सुद्धा लावलं नाही.

"आहे वकील," शिवांगी म्हणाली. "ताई आल्यात."

"ताई मेंबर नाहीत."

"मग हरीला आत घे," वृंदा म्हणाली. "मी त्याच्या जागेवरनं बोलते."

"ताई, त्याच्या जागेवर आता प्रताप आहे."

तो प्रताप बिचारा चौकटीत अंग चोरून बसला होता. "मी बाहेर पडतो ना, मला काही..." तो म्हणाला.

"कुणी बाहेर पडत नाही. रूल्स आर रूल्स. ठीक आहे ताई, दोन मिनिटं. बोला."

दोन मिनिटं! भाऊ गेलेल्या बाईला दोन मिनिटं. वृंदानं काही ठरवून आणलं नव्हतं. तोंडाला येईल ते बोलली.

"मला तुमचे आकडे येत नाहीत. तो ब्रूनर किती पळतो, किती उचलतो, मला काय माहीत. पळतच नसेल. पण चौदा वर्षं एक माणूस दुसऱ्याच्या अंगावरचा मार स्वतःच्या अंगावर घेतोय, आणि तुम्ही इथं सोफ्यावर बसून म्हणता डेड वेट. तुम्हाला कुणाला एकदा तरी कुणी ढकललंय का रे? आशुतोष, तू आजारी होतास तेव्हा तुझ्या फ्लॅटच्या दारात डबा ठेवून कोण जात होतं? फीत्सवरनं, पावसात? तेव्हा नाही विचारलंस व्हॅल्यू काय म्हणून! आता छत्तीसचा म्हातारा, माझा बेचाळीसचा हरी म्हणजे जागा रिकामी, उद्या तू पंचेचाळीसचा होशील, तेव्हा कुणी तुला..."

आणि आवाज बंद झाला. आशुतोषनं तिला म्यूट केलं. दोन मिनिटं झाली म्हणे.

वृंदा बोलतच होती. हातवारे करत, बोट दाखवत. सतीश दारात आला.

"अगं, त्यांना ऐकू जात नाही."

"असू दे! बघताहेत ना!"

खरंच बघत होते. कुणी हसलं नाही. पण मतं घेतली. ठेवा म्हणून दोन हात वर झाले, शिवांगीचा आणि, घ्या, त्या नव्या प्रतापचा. बाकी सगळे काढा. आशुतोषनं पुढचं नाव पुकारलं. वृंदानं कॉम्प्युटरचं झाकण धाडकन आपटलं आणि वर हरीच्या खोलीत जाऊन बसली. तिथं मात्र रडली. शब्द दिला होता, बोललीही होती, पण बोलणं कुणापर्यंत गेलंच नाही असं तिला वाटत राहिलं. आणि हरी अजून ग्रुपच्या बाहेर तो बाहेरच.

मार्चमध्ये शिवांगीचा फोन आला.

"ताई, टीमनं ब्रूनरला सोडलं. खरोखरच. बातमी आलीय."

"काढलं?"

"काढलं. आणि आशुतोषदादानं कार्यक्रमात सांगितलं, आम्ही जानेवारीतच म्हणालो होतो म्हणून."

वृंदानं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मंडळातल्या सगळ्यांचे पत्ते पाठव मला."

"कशाला?"

"तुमचाच नियम ना? माणूस कापला गेला की वकिलानं जेवू घालायचं. माझ्या हरीचा माणूस कापला गेलाय. मी घालणार."

शनिवारी तिनं बटाटे उकडले. लांबच्यांना चिवडा पोस्टानं आधीच गेला होता, शिवांगीला शेंगदाणे जास्त घालून. जवळच्यांना वडे, कारण हरी निरोपाला वडेच हवेत म्हणायचा. तेव्हा घरी एकाच पाहुण्याला परवानगी होती, नऊच्या आत घरी यायचं, म्हणून रविवारी सकाळीच तिनं वडे तळले, डबे दुलईत गुंडाळले आणि सतीशनं गाडी काढली. दारात डबा द्यायचा, मास्क लावूनच बोलायचं, की पुढच्या घरी. युट्रेक्टला प्रतापनं तर वाकून नमस्कारच केला. त्याला ती म्हणाली, "तुझा काही दोष नाही. चटणी वेगळी बांधलीय, सांडू नको."

शेवटचं घर अ‍ॅमस्टेलव्हीनला, आशुतोषचं. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सतीश म्हणाला, "मी येऊ का वर?" ती म्हणाली, "नको. तुम्ही मध्ये मध्ये सबुरीचं बोलता."

दार आशुतोषनंच उघडलं. दाढी वाढलेली, पायात घरातल्या चपला. वडे वासानंच कळले त्याला.

"ताई! अहो, एवढं कशाला... या ना आत."

"आत यायला आले नाही. निरोपाचं जेवण आणलंय. नियम आहे ना?"

"हो, पण..." त्यानं हात पुढं केले.

तिनं डबा मागं घेतला.

"थांब. नियमच तर नीट पाळू. हे जेवण कुणी द्यायचं? मंडळातल्या माणसानं. मी मंडळात नाही, तूच म्हणालास. हरीला तू काढलंस. मग हा डबा कुणाच्या नावानं देऊ तुला?"

आशुतोष दारात उभा. तिच्या हातात गरम डबा. जिन्यात वड्यांचा घमघमाट, शेजारच्या बाईनं दार किलकिलं करून बघितलं आणि लावून घेतलं.

"ताई, खरं सांगू?" त्याचा आवाज बारीक झाला. "प्रतापचं निमित्त होतं. ग्रुप उघडला की हरिहरचं नाव दिसायचं, तो डीपी, तो स्वेटर. वर त्याचा शेवटचा मेसेज, 'बरा होऊन येतो, मग भांडू'. मला बघवेना, ताई. मला ते बघवेना म्हणून..."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. वृंदाचेही डोळे भरले, नाही असं नाही. पण तिनं ते पुसले नाहीत आणि आवाजही खाली आणला नाही.

"मग डोळे मिटायचेस. त्याला काढायचं नाही."

तो दाराच्या चौकटीला टेकला.

"तुला बघवत नाही म्हणून तो बाहेर? मला त्याचा मग बघवतो का? रोज बघते. घरातच आहे तो मग. तुम्हाला सगळ्यांना एकच येतं रे, दुखलं की कापा."

आशुतोषनं मागं वळून टेबलावरचा फोन उचलला. बराच वेळ बोट तसंच अधांतरी. मग दाबलं. वृंदाच्या पिशवीत टुंग झालं.

"बारा झाले आता," तो कसनुसं हसून म्हणाला.

"झाले तर झाले. तुम्हाला काय मैदानात उतरून खेळायचंय?"

मग तिनं डबा दिला. "गरम आहे तोवर खा. आणि डबा परत पाहिजे. घासून."

"ताई, सॉरी."

"ते हरीला म्हण. आता ग्रुपमध्ये आहे तो."

खाली पाण्याच्या कडेला एक खराखुरा बगळा एका पायावर उभा होता, इकडचे असतात तसा करडा, माणसांना न भिणारा. वृंदा गाडीत बसली. सतीशनं विचारलं, "दिलंस?" ती म्हणाली, "दिलं." आणि हरीचा फोन बाहेर काढला. ग्रुपमध्ये गर्दी झाली होती. शिवांगीनं लिहिलेलं, दादा, किकर अजून आहे बरं का. प्रतापनं वड्याचा फोटो टाकलेला. मग आशुतोषचा मेसेज आला, आणि तो सतीशनं तिला वाचून दाखवला. हरिहर, पुढच्या सीझनला तुझा माणूस कोण?

तिला लिहायचा कंटाळा. तिनं ते माइकचं बटण दाबून धरलं आणि फोन तोंडाजवळ नेला.

"चौसष्ट."

जरा वेळानं आशुतोषचा उलट आवाज आला. बोलताना तोंडात वडा असावा. "ताई, तो आता टीममध्ये नाही ना."

वृंदानं पुन्हा बटण दाबलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली, "तरी तोच," आणि सतीशला गाडी काढायला सांगितली.